समजून घ्या : पुलावर एका वेळी किती माणसे?

पारनेर तालुक्यात निघोजचे रांजणखळगे पाहायला गेलेले पर्यटक कुकडीवरच्या झुलत्या पुलावर सेल्फीसाठी थांबतात. एका वेळी किती जण थांबावेत, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

१५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीत कोसळला. चौघांचा जीव गेला.

स्पेनमध्ये बिल्बावजवळ खाडीवरचा १८९३ चा लोखंडी पूल आजही वापरात आहे. त्यावर रस्ता नाही. ४५ मीटर उंचीवरच्या तुळईला टांगलेला पाळणा माणसे आणि गाड्या पलीकडे नेतो. पाळण्यात मावतील तेवढेच जातात, बाकीचे काठावर थांबतात.

वयापेक्षा गंज आणि गर्दी घातक. निघोजलाही पावसाळ्याआधी तपासणी, क्षमतेचा फलक आणि सुट्टीच्या दिवशी माणसे मोजून सोडणारा कर्मचारी हवाच.