माशाचे तोंड आणि तळ्याचे पाणी

परळ-लालबागच्या बाजारात बांगडा-सुरमईच्या पाट्यांशेजारी कधी गोड्या पाण्यातले मासे दिसले, तर नाक न मुरडता क्षणभर थांबा. (आम्हां कोकणी मंडळींना त्यांना चिखलाचा वास येतो, ते सोडा!) कटला, रोहू आणि मृगळ शेजारी शेजारी मांडलेले असतील तर त्यांची तोंडे पाहा. कटल्याचे तोंड वर वळलेले. तो वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी टिपतो. रोहूचे ओठ जाड, झालरीसारखे. तो बहुधा मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्न खातो. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला, कारण त्याचे जेवण तळच्या गाळात. म्हणून तर मत्स्यशेतीत तिघांना एकाच तळ्यात सोडतात. चाळीच्या तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे!

हे तिघे मूळचे नद्यांतले. पण तळ्यानेच मासा कसा घडवला, हे पाहायचे तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकडे वळावे लागेल. तिथे एक मासा इतर माशांचे खवले ओरबाडून खातो. त्याचे तोंड चक्क वाकडे असते. काहींचे उजवीकडे, काहींचे डावीकडे. उजवीकडे वळलेला भक्ष्याच्या डाव्या कुशीवर झडप घालतो, डावीकडचा उजव्या. आपल्या बाजारातली चिलापी त्याच्याच कुळातली.

"सर, मासे हा जीवशास्त्राचा विषय," असे माझे विद्यार्थी म्हणतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि मला हे मुळीच पटत नाही. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तितक्याच पाण्यात जेमतेम साडेसात! शिवाय पाण्यात तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. उथळ, उबदार, उभ्या पाण्यात कोण जगणार, हे आधी हे आकडे ठरवतात.

वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. लोकांना वाटते, कोणी विष टाकले. विष कशाला हवे? पाण्यात पडलेले पीठ-भात कुजते आणि कुजवणारे जीवाणू प्राणवायू संपवतात. अशा वेळी तळाशी राहणारे मासे आधी अडचणीत येतात. वर वळलेल्या तोंडाचे मासे हवेला लागून असलेला पातळ थर पिऊन तग धरू शकतात. मरळ आणि मांगूर तर सरळ हवाच घेतात. म्हणजे पाणी बिघडले की माशांची निवडही बदलते.

माझे स्पष्ट मत आहे की साचलेल्या पाण्यात मूठ-मूठ पीठ टाकणे ही माशांवर दया नव्हे. मासे खातात त्याहून जास्त पडले, तर ते पीठच त्यांचा श्वास खाते. यात कुणाच्या श्रद्धेला हात लावायचा नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे.

पटत नसेल तर शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. दोन बाटल्या तळ्याच्या पाण्याने काठोकाठ भरा. प्रत्येकीत मिथिलीन ब्लूचे दोन-तीन थेंब टाका, एकीत चिमूटभर पीठही घाला आणि बुचे घट्ट लावून अंधारात ठेवा. कोणत्या बाटलीचा निळा रंग आधी उडतो? मग त्या बाटलीतले थोडे पाणी ओतून द्या, जोराने हलवा, आणि रंग परत का आला ते वर्गात सांगा.