दार गेलं, छप्परही गेलं

"आता काय, कोणीही उठतं आणि अपलोड करतं!" हे वाक्य मेसपासून स्टाफरूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मोठी माणसं ते कुरकुरत म्हणतात, आपण अभिमानाने म्हणतो. कोणीही अपलोड करू शकतं हे खरंच आहे. पण म्हणून जो तो मनातलं बोलायला मोकळा झाला का? मला तरी तसं वाटत नाही. गाणं, चित्र किंवा गेम लोकांपर्यंत कोणत्या वाटेने जातो आणि ती वाट कोणाच्या ताब्यात आहे, यावर तो करणाऱ्याचं स्वातंत्र्य ठरतं.

आधी गाण्याचं बघू. रेकॉर्डच्या जमान्यात गाणं काढायचं म्हणजे कंपनी आणि स्टुडिओ हवाच. ऐंशीच्या दशकात कॅसेटचा सुळसुळाट झाला आणि चित्र बदललं. रेकॉर्ड बनवायला कारखाना लागायचा, कॅसेटची कॉपी काढायला दोन टेपरेकॉर्डर पुरायचे. भीमगीतं, लोकगीतं, कव्वाल्या अशाच गावोगाव पोचल्या. आमच्या जुन्या जालन्यात १४ एप्रिलला स्पीकरवर नवी गाणी वाजतात, तशी त्या काळातलीही वाजतात. पुढे २०१४ मध्ये मुंबईतल्या कुर्ल्याच्या नेझीने 'आफत' हे रॅप एका आयपॅडवर रेकॉर्ड केलं, त्यावरच शूट केलं आणि यूट्यूबवर टाकलं. ना कंपनी, ना स्टुडिओ! पाच वर्षांनी 'गली बॉय' आला तो अशाच पोरांवर.

म्हणजे दार उघडलं. पण पुढे? २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर एका राजकीय रॅपमुळे थेट अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. गाणं टाकताना कोणी अडवलं नाही, गाणं गाजल्यावर पोलीस आले. रॅप आवडो न आवडो, त्याच्यामागे कंपनीचा वकील नव्हता, हे लक्षात घ्या.

कॉमिक्सची गोष्टही फार वेगळी नाही. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'टिंकल' वाचलं ते इंग्रजीतून. मराठी चित्रमालिका म्हणाल तर चिंटूची पुस्तकं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. पेपरातली जागा म्हणजे मोजक्या चौकटी आणि वर संपादकाची नजर. हे बंधन झालं. पण रोजचा वाचक ठरलेला, मानधन ठरलेलं, आणि काही वाद झालाच तर पेपर पाठीशी. आता व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांचं बघा. चित्रं स्वतःच्या वेबसाइटवर, वर कोणी संपादक नाही. २०११ मध्ये तक्रारीनंतर ती वेबसाइट बंद करण्यात आली. त्यांनी चित्रं ब्लॉगवर हलवली. २०१२ मध्ये त्यांना मुंबईत अटक झाली आणि चक्क राजद्रोहाचं कलम लागलं. नंतर ते मागे घेण्यात आलं, पण अटक व्हायची ती झालीच.

दारात उभा असलेला माणूस गेला याचा आपण जल्लोष केला. त्याच्याबरोबर डोक्यावरचं छप्परही गेलं, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

त्यात वाट दुसऱ्याच्या मालकीची असेल तर बघायलाच नको. जून २०२० मध्ये देशात टिकटॉक बंद झालं. बंदीची कारणं देशाच्या सुरक्षेची होती, त्यावर मी बोलत नाही. पण खेड्यापाड्यातल्या कितीतरी मराठी पोरापोरींनी शेतात, गोठ्यात उभं राहून जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. त्यांनी काहीच गुन्हा केला नव्हता!

गेमचं दुखणं आणखी वेगळं, तिथे आधी पैसा लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम केला. दुर्गेचा वरदहस्त लाभलेली एक मुलगी आपल्या भावाला शोधायला निघते, अशी अस्सल भारतीय कथा. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते पुरेसे जमले नाहीत. संस्थापकांपैकी एकीने स्वतःचं घर विकलं. शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला, तो आधी फक्त निन्टेंडो स्विचवर. हे मशीन तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं! दोन महिन्यांनी तो पीसी आणि इतर कन्सोलवर आला. आपली गोष्ट, आपल्या पोरांनी केलेली, आणि पहिला मान परदेशातल्या खेळाडूंना. मी त्यांना दोष देत नाही. घर विकून गेम करणाऱ्याला मिळेल ती वाट धरावीच लागते.

मग करायचं काय, गप्प बसायचं? मुळीच नाही. मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार आहोत. एकाच खांबावर पूल उभा करायचा नसतो, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. एकाच अ‍ॅपवर विसंबू नका. कोणी करार पुढे केला तर हक्क कोणाकडे जातात ते वाचल्याशिवाय सही करू नका. आणि कागदाला कमी लेखू नका. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या मंडळींनी पन्नासच्या दशकात 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं होतं. आपल्याकडे तर गेटसमोर झेरॉक्सचं दुकान आहे!

आता थोडं सर-मॅडमना. गॅदरिंगच्या स्क्रिप्ट्स तुम्ही आधी बघता, त्याला माझी हरकत नाही. जरूर बघा. पण काय खोडलं आणि का खोडलं, ते लेखी द्या. आणि एकदा पास केलंत की बाहेरून कोणी ओरडत आला तर मुलांना पुढे करू नका. दारात उभं राहायचा हक्क हवा असेल, तर छप्परही धरायला हवं. ते कोणी धरणार असेल, तर दारात थांबून दोन वाक्यं बदलायला आमची ना नाही.

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर