पशुखाद्याचे पर्याय कोणाच्या हितासाठी?

मांसल कोंबडी वाढविण्याच्या एकूण खर्चापैकी साठ ते सत्तर टक्के खर्च केवळ खाद्यावर होतो. या खाद्याचे मुख्य घटक दोनच : ऊर्जेसाठी मका आणि प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंड. त्यांचे भाव चढले की कुक्कुटपालक कोलमडतो. उतरले की मका-सोयाबीन पिकविणारा शेतकरी. या कोंडीतून सुटण्यासाठी पर्यायी खाद्यघटक वापरले पाहिजेत, असे अनेक वर्षे सांगितले जात आहे. मागणी रास्त आहे. परंतु पर्याय कोण ठरविणार, त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडणार आणि धोका कोणी पत्करावयाचा, या प्रश्नांची चर्चा मात्र सोयीस्करपणे टाळली जाते.

देशात पर्यायांची वाण नाही. भुईमूग, सरकी, मोहरी व तीळ यांच्या पेंडी, भाताचा तेल काढलेला कोंडा, डाळींची चुनी, बाजरी, ज्वारी, साखर कारखान्यांतील मळी हे सारे घटक येथेच निर्माण होतात. कोणता घटक किती प्रमाणात चालतो याचा अभ्यास इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थांनी केलेला आहे. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल कोंबडीला बाधते, रवंथ करणारी जनावरे ते बऱ्याच अंशी पचवितात. ज्वारीच्या काही वाणांतील टॅनिनमुळे प्रथिनांचे पचन मंदावते. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून तो सुमारे तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवला, तर निकृष्ट पेंढ्याचाही कस वाढतो. ही पद्धत कित्येक दशके ठाऊक आहे. तरीही पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा शेतातच जाळला जातो आणि दुष्काळी भागातील जनावरे चाऱ्यावाचून बाजार दाखविली जातात. ज्ञान आहे, ते गावापर्यंत नेण्याची यंत्रणा उभारण्याची इच्छा नाही.

मग प्रत्यक्षात पर्याय आला कोठून? तो आला इथेनॉलच्या कारखान्यांतून. पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या वापरावर निर्बंध आल्यावर कारखान्यांनी मक्याकडे धाव घेतली. ज्या मक्यावर कोंबडी जगत होती तो भट्ट्यांकडे वळला आणि २०२४ मध्ये भारताला म्यानमार व युक्रेनमधून मका आणावा लागला. अन्न महामंडळाच्या गोदामांतील तांदूळही या कारखान्यांना देण्यात आला. इथेनॉल काढल्यावर धान्याचा जो चोथा उरतो तो वाळवून ‘डीडीजीएस’ या नावाने विकला जातो. मक्याच्या चोथ्यात सुमारे २८ ते ३० टक्के, तर तांदळाच्या चोथ्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. सोयापेंडीपेक्षा हा माल स्वस्त. म्हणून खाद्य कारखान्यांनी तो उचलला आणि सोयापेंडीची मागणी घटली.

या घटीचा भार सोयाबीन उत्पादकावर पडला. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, तर २०२५-२६ साठी ५३२८ रुपये जाहीर झाला. दोन्ही हंगामांत मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील बाजारांत सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले गेले. परदेशी स्वस्त तेल हेही त्याचे एक कारण आहेच. पण २०२१ मध्ये हेच भाव चढले तेव्हा सरकारने किती तत्परता दाखविली! त्या वर्षी ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा देण्यात आली. फेब्रुवारी २०२६ मध्ये जाहीर झालेल्या भारत-अमेरिका अंतरिम व्यापार कराराच्या चौकटीतही अमेरिकेच्या डीडीजीएसवरील व पशुखाद्यासाठीच्या तांबड्या ज्वारीवरील आयातशुल्क हटविण्याचा वा घटविण्याचा उल्लेख आहे. शेतकऱ्याचा भाव पाडण्यास मार्ग अनेक. तो सावरण्यास मात्र केवळ घोषणा!

मग स्वस्त खाद्याचा लाभ निदान कुक्कुटपालकाला तरी होतो काय? कोइमतूर परिसरातून देशभर पसरलेल्या करारपद्धतीत पिले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज आणि श्रम शेतकऱ्याचे. त्याला मोबदला मिळतो तो किलोमागे ठरलेल्या दराने, आणि खाद्य जास्त लागले की त्यातही कपात होते. पोत्यात काय आहे हे ठरविते कंपनी. निकृष्ट घटकामुळे पक्षी वाढला नाही तर भुर्दंड भरतो शेतकरी. म्हणजे घटक बदलण्याचा नफा एकाचा आणि प्रयोगाची जोखीम दुसऱ्याची. स्वतःच्या भांडवलावर दोन-चार गाई-म्हशी पाळणाऱ्या कुटुंबाचीही गत निराळी नाही. पेंडीचे पोते ते विकत घेते ते केवळ भरवशावर.

हा भरवसा किती ठिसूळ आहे हे दूध पिणाऱ्यानेही जाणून घ्यावे. दमट जागी साठविलेल्या मक्यावर, पेंडीवर वा चोथ्यावर बुरशी वाढते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते गाईच्या दुधात उतरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा अधिक आढळले. खाद्यात भेसळ वा निष्काळजीपणा झाला, तर त्याची किंमत अखेर कामगाराच्या घरातील मूल मोजते.

तेव्हा विरोध पर्यायी खाद्याला असू शकत नाही. असावा तो त्यावरील मूठभरांच्या मक्तेदारीला. त्यासाठी काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर घटक व त्यांचे प्रमाण छापणे आणि भारतीय मानकांचे पालन करणे सक्तीचे करावे. जिल्ह्याजिल्ह्यात खाद्य तपासणीच्या सार्वजनिक प्रयोगशाळा उभाराव्यात आणि त्यांचा अहवाल करारातील कपातीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरावा. सोयाबीन व मक्याची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी व्हावी. दूध संघांप्रमाणे कुक्कुटपालकांचेही सहकारी खाद्य कारखाने उभे राहावेत, त्यांना स्थानिक पेंड, कोंडा व चोथा वाजवी दरात मिळावा. आणि माणसाच्या ताटातील तांदूळ भट्टीकडे वळविण्यापूर्वी रेशनच्या रांगेतील शेवटच्या माणसाचा विचार व्हावा.

सोयाबीन पिकविणारा आणि कोंबडी पाळणारा यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, असे चित्र रंगविले जाते. वस्तुतः दोघांच्याही घामावर एकच मधला हात पोसला जात आहे. हे ओळखून दोघे एकत्र आले, तरच पोत्यात काय असावे आणि त्याचे मोल काय असावे हे ठरविण्याचा अधिकार त्यांना मिळविता येईल.