टेबल तिरकं करताय? आधी मागे कोण राहतंय ते बघा!

जुना एलईडी टीव्ही, ऑनलाइन मिळणारी इन्फ्रारेड टच फ्रेम, वर काच आणि सुताराकडून करून घेतलेली चौकट. झालं घरगुती टचस्क्रीन टेबल! प्रोजेक्टसाठी तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात हे घोळत असेल. मग ग्रुपमधलं पहिलं भांडण ठरलेलं : स्क्रीन सपाट ठेवायचा की तिरका?

आमच्यातही झालं. मी तिरक्याच्या बाजूने होते आणि माझ्याकडे कारणंही होती. सपाट स्क्रीनवर वाकून वाकून मान अवघडते. छतावरची ट्यूबलाइट नेमकी काचेत चमकते. टीव्ही मुळात उभा ठेवायला बनवलेला. आडवा टाकून खोक्यात बसवला की गरम हवा आतच कोंडते. शिवाय इन्फ्रारेड फ्रेमला बोट ओळखता येत नाही. काचेवरून जाणारा किरण अडला, की तिच्या लेखी तो स्पर्श! कोपर टेकलं, ओढणी घासली, पेन्सिल पडली तरी क्लिक. तिरक्या स्क्रीनवर हे प्रकार कमी होतात. मी जिंकले. स्क्रीन तिरका झाला.

ते टेबल घेऊन आम्ही तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो आणि पाच मिनिटांत माझा सगळा युक्तिवाद गळून पडला. दोन मोठी मुलं स्क्रीनसमोर, बाकीची त्यांच्या पाठीमागे टाचा उंचावून. एक छोटी बाजूने डोकावत होती. तिथून तिला चित्र फिकट दिसत होतं, हात तर पोहोचतच नव्हता. आम्ही नवीन काय केलं होतं? फळाच केला होता, फक्त महागडा.

शेवटी मित्राने मागचा टेकू काढला आणि स्क्रीन आडवा केला. कुणी सांगितलं नाही, तरी मुलं चारही बाजूंनी बसली. त्या छोटीलाही स्वतःची एक बाजू मिळाली.

याच परिसराने ही गोष्ट आपल्याला फार आधी शिकवली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आजूबाजूला मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंमधून शिकण्याची साधनं केली. मूल कुठे आहे, कसं बसतं, हे आधी बघायचं आणि साधन त्याप्रमाणे घडवायचं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

वारली चित्रातला तारपा नाच आठवा. मध्ये तारपावाला, भोवती गोल फेर. त्या फेरात पहिला बाक आणि शेवटचा बाक असतो का?

सपाट टेबलाचे त्रास खोटे नाहीत, पण त्यांना उपाय आहेत. टीव्हीखाली मोकळी जागा ठेवा, चौकटीला हवेसाठी भोकं पाडा. टेबल ट्यूबलाइटच्या थेट खाली मांडू नका. उंची पाटापेक्षा थोडीच जास्त ठेवा, म्हणजे मांडी घालून बसता येईल. जुना टीव्ही घेताना बाजूने बघून घ्या. रंग उडत असतील तर तो पॅनल या कामाचा नाही. सगळ्यात मोठी अडचण अक्षरांची, कारण समोर बसलेल्याला ती उलटी दिसतात. म्हणून लांबलचक मजकूर टाळा. नकाशा, मोजणी, जोड्या लावणं, बोटाने फिरवता येणारी चित्रं ठेवा.

मग तिरकं टेबल चुकीचं का? अजिबात नाही. एकट्याने चित्र काढायचं, वाचायचं, डिझाइन करायचं असेल तर तेच बरं. मायक्रोसॉफ्टचंच बघा. २००७ मध्ये त्यांनी भोवती बसून वापरायचं ‘सरफेस’ टेबल आणलं, ते सपाट होतं. २०१६ मध्ये एकट्या कलाकारासाठी ‘सरफेस स्टुडिओ’ आणला, त्याचा स्क्रीन मात्र २० अंशांच्या उतारापर्यंत झुकतो. कंपनी तीच, माणसं किती, यावर आकार बदलला.

‘बिजागरी लावू, दोन्ही होईल’ असं कुणी म्हणेलच. जड टीव्ही, घरगुती बिजागरी आणि खाली लहान मुलांची बोटं! मी तरी ही रिस्क घेणार नाही.

त्यामुळे प्रोजेक्टचं ड्रॉइंग करण्याआधी कोन मोजू नका, माणसं मोजा. एकच असेल तर तिरकं करा. चार असतील तर सपाट. आणि टेबल तयार झालं, की समोर उभे राहून सेल्फी काढण्याआधी एकदा सगळ्यात मागे जाऊन उभे राहा. तिथून काय दिसतं?