गाय उलटली, दोष कुणाचा?

परवा बाजाराच्या दिवशी ओळखीचे एक काका संकरित गाय टेम्पोत चढवत होते. दुसऱ्या वेताची, टायमाला नऊ-दहा लिटर दूध दिलेली. म्हटलं, काका, एवढी चांगली गाय का काढताय? म्हणाले, "चार वेळा भरवली, चारही वेळा उलटली. आता नुसतं कुठवर पोसायचं?"

आपल्या संगमनेर-अकोल्याच्या पट्ट्यात हे घरोघरी चाललंय. आणि दोष ठरलेला: एकतर गाईत खोट, नाहीतर डॉक्टरच्या कांडीत.

खरी गोष्ट वेगळीच आहे. निरोगी गाय वेळेवर भरवली तर दहापैकी आठ-नऊ वेळा बीज फळतं. गर्भ तयार होतो, पण त्यातले बरेचसे पहिल्या दोन-अडीच आठवड्यांतच मरतात. साधारण १६-१७ व्या दिवसापर्यंत गर्भाकडून गर्भाशयाला इशारा मिळाला नाही, तर शरीर पुढच्या माजाच्या तयारीला लागतं. २१ व्या दिवशी सोट दिसला की आपण म्हणतो, राहिलीच नव्हती. राहिली होती हो, टिकली नाही!

का टिकत नाही? व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढतं, पण भूक तेवढी वाढत नाही. गाय अंगावरची चरबी जाळून आपली बादली भरते. बरगड्या दिसायला लागलेली गाय ६० दिवसांनी भरवून काय होणार? त्यात आपल्याकडे उसाचं वाढं. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि खनिज मिश्रणाची पिशवी महाग म्हणून आणायची नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारभर धापा टाकणाऱ्या गाईच्या पोटात एक-दोन दिवसांचा गर्भ असेल, तर तो त्या उष्णतेला सगळ्यात नाजूक असतो. दावणीला बांधलेल्या गाईचा माज तर दिसतही नाही. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, हे माहीत सगळ्यांना आहे, पण पाहायला गोठ्यात थांबतं कोण? (आमच्या घरी आई थांबते. म्हणून आमच्या गाई राहतात, माझ्यामुळे नाही.)

आता सरकारी बाजू. कालवडच जन्मावी म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रेला अनुदान आहे. चांगलंच आहे. पण ती कांडी साध्या कांडीपेक्षा कमी राहते, हे शेतकऱ्याला कोण सांगतं? अशक्त, तापलेल्या गाईत ती भरायची आणि वर फोटो काढायचा. रेतन किती झालं याचे आकडे छापून येतात. त्यातल्या किती गाई गाभण राहिल्या, किती व्यायल्या, हे गावपातळीवर मला तरी कुणी दाखवलं नाही. प्रत्येक गाईच्या कानात १२ अंकी बिल्ला मारलाय ना, मग त्या नंबरापुढे हेही लिहा.

दूध संघांनाही विचारायचंय. फॅट, एसएनएफ पॉइंटपॉइंटला मोजता. दोन महिन्यांनी गाभण तपासणी आणि व्यायलेल्या गाईला तीन महिने खनिज मिश्रण, एवढं संघाच्या नफ्यातून का होत नाही? माझ्या गोठ्यात भाकड गाईला रोज दोनशेच्या आसपास खर्च येतो. एकदा उलटली की २१ दिवस, म्हणजे चार हजार गेले. काकांचे चार वेळा गेले.

पुढच्या महिन्यात आमच्या संस्थेची सर्वसाधारण सभा आहे. हे दोन मुद्दे मी लेखी देणार आहे. तुमच्या गोठ्यात या वर्षी किती गाई किती वेळा उलटल्या, कमेंटमध्ये खरे आकडे टाका. सोबत नेतो.