विक्री मालाची नव्हे, विश्वासाची

गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या कार्यकर्त्याचा मुलगा घरी आला. अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्याला चार वर्षे झाली. दोनदा सरकारी भरतीची परीक्षा दिली. मधल्या काळात गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम केले, तेही सुटले. त्या दिवशी मात्र तो भर उन्हात टाय बांधून आला होता. "काका, एका नव्या व्यवसायाची माहिती द्यायची आहे, दहाच मिनिटे," असे म्हणत त्याने कागदावर एक वर्तुळ काढले, त्याखाली दोन, त्याखाली चार. पुढचे त्याने सांगण्याची आवश्यकता नव्हती. मन अस्वस्थ झाले ते त्याच्या हातातील वहीने. सेमिनारमध्ये त्याला शंभर परिचितांची यादी करण्यास सांगितले होते. ती यादी त्याला नव्याने करावी लागली नाही. वडिलांनी तीस वर्षांच्या गृहसंपर्कात, सायकलवरून गल्लोगल्ली हिंडून जमवलेली नावपत्त्यांची वहीच त्याने उचलून आणली होती.

बहुस्तरीय विक्री नावाच्या या मायाजालाचे सारे मर्म त्या वहीत आहे. साबण, प्रथिनांची भुकटी, चुंबकीय गादी, सहलीचे पॅकेज ही सगळी निमित्ते होत. दुकानात ज्या किमतीला कोणी हात लावणार नाही, त्या किमतीला ती वस्तू घरात घेतली जाते. कारण देणारा मावशीचा मुलगा असतो, तालमीतला जोडीदार असतो, शाखेतला बंधू असतो. 'हा आपला माणूस आहे, हा फसवणार नाही' हा विश्वास हाच येथे विकला जाणारा खरा माल. तो कंपनीने निर्माण केलेला नाही आणि त्याचे मोलही तिने चुकते केलेले नाही. पिढ्यांनी साठवलेली ही ठेव ती फुकटात उचलते आणि ओरबाडून संपवते.

या व्यवसायात श्रम केले की यश हमखास, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. आपण साधे अंकगणित करू. एकाने दोघांना, त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना असे जोडत गेल्यास एकविसाव्या पायरीवर एकूण संख्या ४१ लाख ९४ हजारांवर जाते. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या, तान्ह्या बाळापासून पंचाहत्तरीच्या आजीपर्यंत सर्व धरून, ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे एकवीस पायऱ्यांतच जिल्हा संपतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अशी साखळी कोणत्याही क्षणी थांबवून पाहिली तरी त्यातील निम्मे लोक शेवटच्या पायरीवरच असतात आणि त्यांच्या खाली कोणीही नसते. तेव्हा बहुसंख्यांचे अपयश हा त्यांच्या आळसाचा परिणाम नाही. तो त्या रचनेचाच भाग आहे. तरीही पैसे बुडालेल्या तरुणाला 'तू प्रयत्नांत कमी पडलास' असे ऐकवले जाते आणि तो बिचारा ते खरे मानतो!

कायदा काय करतो? इनामी चिठ्ठ्या आणि पैशांची साखळी फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे. त्यात कारावासाची तरतूद आहे, पण दंडाची मर्यादा केवळ पाच हजार रुपये! २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीसाठी नियम केले आणि पिरॅमिड योजनांना स्पष्ट मनाई केली. २०२२ च्या एप्रिलमध्ये सक्तवसुली संचालनालयाने ॲमवे या अमेरिकी मूळाच्या कंपनीची ७५७ कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता टाचेखाली आणली. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम. पण ही कंपनी १९९८ पासून येथे व्यवसाय करीत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. खुद्द अमेरिकेत २०१६ साली हर्बालाइफला तेथील व्यापार आयोगाशी तडजोड करून २० कोटी डॉलर मोजावे लागले. दोष केवळ परक्यांचा मात्र नाही. २०२२ मध्ये आपल्या कोल्हापुरातच ए. एस. ट्रेडर्स या गुंतवणूक कंपनीविरुद्ध गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचा गुन्हा शाहूपुरी पोलीस ठाण्यात नोंदला गेला. तेथे वस्तूचे निमित्तही उरले नव्हते. मोठ्या परताव्याचे आमिष पुरेसे ठरले. गुन्हा नोंदला जातो तो नेहमीच साखळी तुटल्यानंतर. तोपर्यंत घरातले दागिने गेलेले असतात आणि नातीही.

परंतु केवळ कंपन्यांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही. हा मुलगा त्या सेमिनारला गेलाच का? २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्या रांगेत उभा राहून ज्याची उमेदीची वर्षे सरतात, त्याला प्रत्येक लग्नसमारंभात, प्रत्येक गणेशोत्सवात एकच प्रश्न विचारला जातो : 'सध्या काय करतोस?' या प्रश्नाला उत्तर नसणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर बेतते त्यालाच कळते. सेमिनारमध्ये त्याला प्रथमच कोणी 'सर' म्हणून संबोधते, त्याच्या नावाने टाळ्या वाजतात, त्याच्या खिशात व्हिजिटिंग कार्ड येते. आपण नाकारलेला मान तेथे भाड्याने मिळतो, आणि ते भाडे तो आईच्या बांगड्या मोडून भरतो. हे पाप एकट्या कंपनीचे कसे म्हणावे?

ज्या नगरीत हे घडते तिचा वारसा तरी आठवावा. राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, १९०६ मध्ये कापडगिरणी काढली, राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले. म्हादबा मेस्त्रींसारख्या अल्पशिक्षित कारागिरांनी येथील यंत्रउद्योगाचा पाया घातला. त्यातून उद्यमनगर उभे राहिले. १९६३ पासून जिल्हा दूध संघाने गावोगावच्या संस्था एकत्र गुंफल्या. तीही माणसांची साखळीच. पण तिथे लिटर मोजला जातो, फॅट तपासले जाते आणि त्या हिशेबाने दुधाचे बिल उत्पादकाच्या हाती पडते. खालच्याचे बुडाल्यावाचून वरच्याचे भागत नाही, अशी ती रचना नाही. सहकारातही दोष शिरले, हे मान्य. पण तेथे दूध हे दूधच असते.

'आमच्या ओळखीच्या एकाने गाडी घेतली,' असे यावर सांगितले जाईल. त्याला एकच प्रश्न विचारावा : हे उत्पन्न साखळीबाहेरच्या ग्राहकाला वस्तू विकून मिळाले, की नव्या सभासदाच्या पैशातून? प्रामाणिकपणे घरोघर माल विकणारा विक्रेता सन्मानास पात्रच आहे. दुसऱ्या प्रकारची गाडी मात्र कोणाच्या तरी मोडलेल्या मुदतठेवीवर धावते.

दीनदयाळ उपाध्याय यांच्या अर्थविचारात प्रत्येक हाताला काम हे केंद्रस्थानी आहे. तो विचार पुण्यतिथीच्या भाषणापुरता ठेवायचा नसेल, तर तीन गोष्टी आजपासून करता येतील. पहिली, संघटनेच्या संपर्काचा उपयोग अशा योजनेसाठी कोणी करू नये आणि करू देऊ नये; मग तो कितीही ज्येष्ठ असो. दुसरी, वस्तीत असा सेमिनार भरला तर नियमांची प्रत घेऊन जावे, प्रश्न विचारावेत आणि फसवणूक दिसताच, लाज न बाळगता, तक्रार नोंदवावी. तिसरी आणि सर्वांत कठीण : कुशल कामगार मिळत नाहीत अशी तक्रार करणारे आपले उद्योजक आणि कामासाठी वणवण करणारे आपले तरुण यांची गाठ घालून द्यावी. फौंड्रीत हात काळे करणाऱ्या, लेथवर उभ्या राहणाऱ्या मुलालाही लग्नाच्या बाजारात कारकुनाइतकाच मान मिळेल, हे आपल्या घरापासून पाहावे.

त्या मुलाकडून मी वही मागून घेतली. त्यातील दोन नावे कारखानदारांची होती. त्यांना दूरध्वनी करण्यास मला खरोखर दहाच मिनिटे लागली. काम मिळेल की नाही, हे आज सांगता येत नाही. पण तीस वर्षांच्या संपर्काचा हा उपयोग कोणाला तरी चार वर्षांपूर्वीच सुचायला हवा होता. तो सुचला नाही, हा दोष त्या मुलाचा नव्हे.