संघ कोणाचा?

मराठीत 'संघ' हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. मैदानावर उतरणारी अकरा मुले म्हणजे संघ. आणि त्रिशरणातील तिसरे शरण, तेही संघाचेच. आपल्या निवासी शाळेतील मुले सकाळच्या वंदनेत तो शब्द उच्चारतात आणि सायंकाळी मैदानावर पुन्हा तोच शब्द उच्चारतात. इतकी वर्षे इतिहास शिकवूनही या दोन शब्दांचे नाते माझ्या ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आणून दिले एका पित्याने आणि त्यांच्या पुत्राने. आपला फुटबॉल संघ कसा चालवावा, यावरून त्या दोघांत मतभेद झाला. तो मतभेद मैदानापुरता नाही, अशी माझी धारणा झाली असल्यामुळे या स्मरणिकेच्या निमित्ताने तो आपणांपुढे मांडतो.

दोघांनाही आपल्यापैकी अनेकजण ओळखतात, म्हणून नावे घेत नाही. वडील लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले. फुटबॉल ते लष्करातच शिकले. तेव्हापासून एक पैसाही न घेता ते रोज सायंकाळी मुलांना शिकवायला येतात. मुले त्यांना काका म्हणतात. मुलगा आपलाच माजी विद्यार्थी. पुण्यात काही वर्षे क्लबकडून खेळला, प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या मदतीला आला.

काकांचा नियम साधा होता. जो रोज मैदानावर येतो, तो सामन्यात खेळतो. निदान काही मिनिटे तरी खेळतोच. मुलाने आल्यावर धावण्याच्या वेळा लिहून ठेवल्या, कोण कोणत्या जागी शोभतो ते पाहिले, आणि तालुक्याच्या शालेय स्पर्धेपूर्वी निवडलेल्यांची यादी सूचनाफलकावर लावली. त्या यादीत नववीतला एक गोलरक्षक नव्हता. पश्चिम पट्ट्यातील एका ठाकरवाडीतून आलेला हा मुलगा. मैदानावर चुन्याच्या रेषा मारण्याचे काम तो कोणी न सांगता करीत असे. एकही दिवस त्याने चुकविला नव्हता. परंतु त्याची उंची कमी आणि उंच आलेले चेंडू त्याच्या हातून निसटत. दुसऱ्या दिवशी रेषा मारायला तो आला नाही. त्याने अधीक्षकांकडे घरी जाण्याची परवानगी मागितली. निवासी शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की वर्षाच्या मध्येच असा घरी गेलेला मुलगा परत येतोच असे नाही.

त्या सायंकाळी बापलेकांची सर्वांदेखत बोलाचाली झाली. काका म्हणाले, "मैदान आखायला हा पोरगा चालतो आणि खेळायला चालत नाही? मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?" मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळ्यांना खेळवता आणि सगळे मिळून हरतात. उद्या बाहेरच्या जगात यांना कीव म्हणून कोणी जागा देणार नाही. जिंकायला कधी शिकणार ही पोरं?"

शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. वयाने ज्येष्ठ असलेले काकांच्या बाजूने, तरुण शिक्षक मुलाच्या बाजूने. मला विचारले, तेव्हा मी उत्तर टाळले. कारण दोघांचेही म्हणणे आपल्याच इतिहासातून आलेले आहे, असे मला वाटत होते.

पुत्राचा पक्ष आधी घेऊ. निवड गुणांवर व्हावी, ही मागणी आपल्या विरोधकांची नव्हे. ती मुळात आपली मागणी आहे. पळवणकर बाळूंचे उदाहरण पाहा. अस्पृश्य मानलेल्या समाजातील हा डावखुरा गोलंदाज १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली, आणि पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. गुण पाहून निवड झाली असती, तर हे पद एक पिढी आधी त्या घरात आले असते. म्हणून गुणवत्ता हा शब्द ऐकताच कपाळाला आठ्या घालणे आपल्याला शोभत नाही.

आता पित्याचा पक्ष. त्यासाठीही बाळूंकडेच जावे लागते. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणे आणि सरावासाठी जाळी लावणे हे त्यांचे काम होते. साहेबांना सराव मिळावा म्हणून ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. अशा माणसाचे फलंदाजीतील गुण कोण आणि कसे मोजणार? संधी दिल्यावाचून गुण दिसत नाहीत, आणि गुण दिसत नाहीत म्हणून संधी नाकारली जाते. हे चक्र आपल्या आजोबा-पणजोबांच्या परिचयाचे आहे. काका ज्याला 'त्यांच्यात आणि आपल्यात फरक' म्हणतात, तो हाच.

बाळूंच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग मला मुलांना सांगावासा वाटतो. मैदानावर जे सवर्ण खेळाडू त्यांच्या हातून चेंडू घेत, तेच चहाच्या वेळी त्यांना बाहेर उभे करून मातीच्या भांड्यात चहा देत. आता आपल्याच तालुक्यातील शिवनेरीच्या लेण्यांत जा. तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक ब्राह्मी लेख आहे. चिट नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशी वंशाच्या माणसाने, संघाला भोजनमंडप दान केल्याची त्यात नोंद आहे. जेथे परका माणूस संघासाठी भोजनमंडप बांधतो, तो एक संघ. आणि जेथे आपल्याच खेळाडूला पंगतीबाहेर ठेवले जाते, तो दुसरा संघ. आपल्या शाळेला कोणत्या संघाचा वारसा चालवायचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

मग प्रश्न उरतो तो असा, की दोन्ही पक्ष खरे असतील तर करायचे काय?

पितापुत्र आणि फुटबॉल म्हटल्यावर नागपूरचे बारसे आठवणे स्वाभाविक आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना एकत्र करून 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू केले. नागराज मंजुळे यांच्या २०२२ सालच्या 'झुंड' चित्रपटामुळे ते घरोघरी पोहोचले. त्यांचे पुत्र अभिजीत अमेरिकेतून परतून या कामात आले. पुढे ते काम 'स्लम सॉकर' या नावाने वाढले. त्यात प्रशिक्षक तयार करणे, मुलींचे खेळ, खेळातून आरोग्याचे आणि जीवनाचे शिक्षण असे रीतसर कार्यक्रम आले. पित्याने दार उघडले. पुत्राच्या काळात आत आलेल्यांसाठी व्यवस्था उभी राहिली. दार बंद ठेवून व्यवस्था उभारली तर ती मूठभरांची होते, आणि नुसते दार उघडे ठेवले तर आत आलेल्याच्या हाती काही लागत नाही. दोन्ही लागतात. परंतु कोणते कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे ठरवायचे कोणी?

येथे मला त्या दुसऱ्या संघाकडे वळावेसे वाटते. संघ कसा चालवावा यावरून पितापुत्रांत मतभेद होण्याचे फार जुने उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. ते म्हणजे शुद्धोदन आणि तथागत. विनयपिटकाच्या महावग्गात ही कथा येते. कपिलवस्तूत बालक राहुलाला प्रव्रज्या दिली गेली, तेव्हा वृद्ध शुद्धोदन बुद्धांकडे आले. आधी सिद्धार्थ गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला. हे दुःख कातडी भेदून हाडापर्यंत जाते, असे त्यांनी सांगितले आणि आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी विनंती केली. बुद्धांनी काय केले? वडिलांपुढे ते हट्टाला पेटले नाहीत. वडील आहेत म्हणून केवळ राहुलापुरती सवलतही दिली नाही. त्यांनी सर्वांसाठी नियम केला. एका पित्याच्या दुःखातून प्रत्येक आईबापाला लागू होणारा नियम निघाला. मतभेदाचे नियमात रूपांतर करणे, ही संघाची रीत आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली होती. संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवीन नाहीत. प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे भिक्खुसंघांना ठाऊक होते, असे त्यांनी त्या सभेला सांगितले. मतदानासाठी संघात रंगीत शलाका, म्हणजे काड्या वापरीत. त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्धही त्यांनी बजावले होते. स्वतः तथागतांनी आपला वारस नेमला नाही, धम्म हाच तुमचा शास्ता राहील असे सांगितले, हेही आपण जाणतो.

मी बापलेकांना एवढेच सुचविले, की निर्णय तुम्हा दोघांपैकी कोणीच करू नये. तो संघाला करू द्यावा. दोघेही प्रथम नाखूश झाले. काका म्हणाले, "पोरांना काय कळतं?" या एका बाबतीत मुलाचेही वडिलांशी एकमत होते! पण दोघांनी मानले. त्या ठाकरवाडीच्या मुलाला अधीक्षकांनी दोन दिवस थांबवून घेतले. भोजनगृहात बावीस मुले बसली. कार्यानुभवाच्या तासाला आणलेल्या बांबूच्या काड्या दोन रंगांत रंगविल्या होत्या. दीड तास चर्चा झाली, आणि ती आम्हा शिक्षकांच्या बैठकीपेक्षा शिस्तीत झाली, हे कबूल केले पाहिजे.

मुलांनी चार नियम केले. तालुक्यापर्यंतच्या स्पर्धेत, नियमित येणारा प्रत्येकजण मैदानात उतरेल. त्यापुढे उत्तम अकराच खेळतील. निवडीच्या कसोट्या महिनाभर आधी फलकावर लागतील आणि निवड एकटा प्रशिक्षक करणार नाही. एक शिक्षक व मुलांनी निवडलेला कर्णधार त्याच्याबरोबर असतील. आणि ज्याला वगळायचे, त्याला फलकावरून कळणार नाही. प्रशिक्षक त्याला जवळ बसवून कारण सांगेल आणि काय केल्याने जागा मिळेल तेही सांगेल. हा शेवटचा नियम त्या गोलरक्षकानेच सुचविला. त्याच्या बाजूने सर्व बावीस काड्या पडल्या.

या नियमांनी संघ जिंकला का, असे कोणी विचारील. तालुक्यात जिंकला, पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरला. तो सामना त्या मुलाला खेळता आला नाही. पण तो शाळेत आहे, आज दहावीत आहे, आणि उंच चेंडू कसा घ्यावा हे त्याला काकांचा मुलगा रोज वेगळा वेळ देऊन शिकवितो.

हे सारे लिहिण्याचे कारण फुटबॉल नव्हे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच त्यात गट पडले. तेव्हापासून आपल्या किती संस्था, मंडळे, विहार समित्या जुन्या-नव्यांच्या वादात दुभंगल्या, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते मोजून पाहावे. ज्येष्ठ म्हणतात, आम्ही भाकरी बांधून संस्था उभी केली. तरुण म्हणतात, तुम्हांला आजचे जग कळत नाही. दोघेही खरे बोलतात, आणि दोघेही संस्था आपली समजतात. आपली ही शाळाही आता त्याच वळणावर आली आहे. ज्यांनी ती उभारली त्यांचे केस पांढरे झाले, आणि ज्यांनी येथे शिक्षण घेतले ते आता कार्यकारिणीत येऊ पाहत आहेत. माझी विनंती एवढीच, की कोण बरोबर हे ठरविण्याआधी कसे ठरवायचे ते ठरवा. नियम आधी लिहा, सर्वांना दिसेल असे लावा, आणि ज्याला नकार द्यायचा त्याला समोर बसवून कारण सांगा. बावीस मुलांना जे दीड तासात जमले, ते आपल्याला जमू नये असे काही नाही.

त्या बापलेकांचे अद्याप एकमत झालेले नाही. काका अजूनही म्हणतात, जिल्ह्यालाही सगळ्यांना खेळवायला हवे होते. मुलगा म्हणतो, तालुक्यालाही उत्तम अकराच हवेत. सायंकाळी दोघे एकाच मोटारसायकलवरून येतात आणि वाटेत वाद घालतात. मैदानाच्या फाटकाशी आल्यावर मात्र तो वाद थांबतो. आत मुलांनी केलेले नियम चालतात, आणि ते दोघांनाही मान्य आहेत.